झाडावरचा मांजा : प्रतापनगरच्या सहा गल्ल्यांतल्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

सरकाकांच्या अंगणात पहिली बैठक. कामाची हद्द ठरली: आमच्या सहा गल्ल्या, मधलं मैदान आणि पाण्याच्या टाकीमागचा पट्टा. एवढ्या भागातल्या झाडांमध्ये अडकलेला मांजा उतरवायचा, नवा आणि जुनाही. संक्रांतीच्या दिवशी जखमी पक्ष्यांसाठी दोघादोघांच्या पाळ्या. नंतर दर रविवारी सकाळी झाडं, पक्ष्यांची घरटी लागेपर्यंत. खर्च वर्गणीतून, हिशेब शिकवणीवाल्या काकूंकडे, नोंदी माझ्याकडे.

रॅली काढायची का, हा प्रश्न निघालाच. नागपुरात दर जानेवारीत रॅल्या निघतात, पोरं हात पुढे करून शपथ घेतात आणि दुपारी तीच पोरं गच्चीवर चढतात. माझा रॅलीला विरोध नाही, फक्त रॅली घरी गेली तरी झाडावरचा मांजा झाडावरच राहतो. चहाच्या दुसऱ्या फेरीत एकमत झालं: फलक, टोप्या, टी-शर्ट काही नको. आलेल्या पैशातून हातमोजे आणि दांड्या घ्यायच्या.

इलेक्ट्रिशियन दादानं एकच अट घातली. "तारेवरच्या मांजाले कोणी हात लावायचा नाही. काठीनंही नाही. मले बोलवा, मी लाइनमनशी बोलतो." काही मांजावर धातूची भुकटी चढवलेली असते, त्यातून वीज उतरते. अट मान्य.

१२ जानेवारी, रविवार

पाहणी झाली. कडूनिंब, करंज, सप्तपर्णी, पिवळा गुलमोहर, टाकीमागची नीलगिरी आणि सहाव्या गल्लीतली जुनी चिंच. सगळ्यांत वाईट हाल मैदानाच्या कडेच्या कडूनिंबांचे. पतंग मैदानात उडतात, वारा गल्लीकडे ओढतो, कटलेली दोरी निंबांच्या शेंड्यांत गुंतते. संक्रांत अजून यायचीय आणि झाडं आधीच भरलेली. वर डिसेंबरपासूनच्या रविवारांचा गुलाबी-हिरवा ताजा माल, त्याखाली मागच्या वर्षांचा, उन्हानं पांढरा पडलेला. पांढरा पडला म्हणजे कुजला असं नाही. सरकाकांनी एक तुकडा दोन्ही हातांना गुंडाळून ओढून पाहिला. मोजा फाटला, धागा शाबूत.

सुती आणि नायलॉन ओळखायला काडेपेटी पुरते. सुती धागा जळून राख होतो, जळक्या कागदासारखा वास येतो. नायलॉन आक्रसतो, वितळतो आणि टोकाला घट्ट मणी धरतो. आमच्या नमुन्यांत जवळपास सगळे मणीच निघाले. राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉन आणि तसल्या सिंथेटिक मांजावर जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. आपल्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तर या प्रश्नाची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. धाडी पडतात, चक्र्या जप्त होतात, पेपरात फोटो येतात. तरी नववीतला एक पोट्टा मला सरळ म्हणाला, "काका, पाहिजे का? संध्याकाळी भेटते." कुठे भेटते ते मात्र सांगेना.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी तिळगूळ. दुपारपर्यंत पक्ष्यांच्या बाबतीत काही घडलं नाही, बाकी डीजे, भोंगे, "ओ काट!" सगळं जोरात. एक कबूतर आलं, पायाला नुसता वेढा होता, कात्रीनं सुटलं आणि उडालं. तीनच्या सुमारास एक गायबगळा. पंखाला जखम होती पण हाड शाबूत वाटलं. खोक्यात घालून सेमिनरी हिल्सवरच्या वन्यजीव उपचार केंद्रात पोचवला. आपण सगळे टीटीसी म्हणतो ते हेच, २०१५ मध्ये सुरू झालेलं, राज्यातलं अशा प्रकारचं पहिलं. आज तिथे खोक्यांची रांग होती.

साडेसहाला दुसऱ्या गल्लीतून फोन. करंजाच्या फांदीखाली गव्हाणी घुबड उलटं लोंबकळत होतं. खाली गर्दी, मोबाइल वर, आणि एक आजी सगळ्यांना मागे सारत होत्या: "घुबड आहे बापा, हात नका लावू, तिन्हीसांजेची वेळ." इलेक्ट्रिशियन दादा शिडीवर चढला. मी खालून चादर धरली.

हे नीट लिहून ठेवतो, पुढच्या वर्षीच्या पाळीवाल्यांना उपयोगी पडेल. धागा ओढायचा नाही. जखमेच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर ठेवून कापायचा, आत रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी तसाच ठेवायचा. पक्ष्यावर कापड टाकलं की तो निम्मा शांत होतो. भोकं पाडलेलं खोकं, आत जुनी चादर, झाकण बंद, अंधार. चोचीत पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. दूध, भात, काहीही नाही. फोटो काढत बसायचं नाही. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

घुबड हातात आलं तेव्हा कुकरची शिटी सुटण्याआधी येतो तसा फुसफुसाट करत होतं. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा पडदा असतो, पंख उघडला की तो ताणला जातो. मांजा त्यातून आरपार गेला होता आणि प्रत्येक फडफडीबरोबर आणखी आत शिरत होता. घुबडाच्या पिसांना कडेनं मऊ झालर असते, तिच्यामुळेच उडताना आवाज होत नाही. त्या झालरीला काचेची भुकटी चिकटलेली, टॉर्चच्या उजेडात चमकत होती.

नववीतला पोट्टा गर्दीत होता. कापलेला तुकडा त्यानं उचलून पाहिला आणि म्हणाला, "हा हिरवा आहे. माझा गुलाबी होता." खरंच सांगत असावा.

१६ जानेवारी, गुरुवार

त्याचं ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून कामाचं काही नसताना लिहितोय.

पेच लागतो, दोर कटतो, कापणारा ओरडतो, कटलेला हळहळतो आणि दोघंही नवा पतंग चढवतात. कटलेला दोर तीन गल्ल्या पलीकडे कुठल्यातरी निंबात जाऊन पडतो. तिथून पुढे तो कुणाचाच नाही. घुबड अडकलं तेव्हा ज्याचा दोर होता तो बहुधा बोरं खात बसला असेल, आणि त्याला आपण काही केलंय हे आयुष्यात कधी कळणार नाही. वाईट माणूस असायची गरजच नाही इथे. ज्यानं केलं त्यानं निस्तरावं, हा न्याय आपल्याला लहानपणापासून पटलेला असतो. पण झाडातल्या दोरावर नाव लिहिलेलं नसतं. मग निस्तरायचं कुणी? माझं उत्तर: ज्याला दिसलं आणि ज्याचा हात पोचतो, त्यानं. हे अन्यायाचं आहे, मान्य. पण दुसरा पर्याय म्हणजे दोर तिथेच राहणं, आणि तो घुबडावर अन्याय. त्याची तर पतंगबाजीत काहीच भागीदारी नव्हती.

सरकाकांना फोनवर हे ऐकवलं तर म्हणाले, "झालं तुझं? रविवारी सहाला ये. मोजे आण."

१९ जानेवारी, रविवार

झाडांवरचा पहिला दिवस. थंडी चांगली होती, तरी बरेच आले. हत्यारं: आंबे उतरवायचे दोन झेले, फायबरच्या लांब दांडीला बांधलेली आकडी, माळ्याची कात्री. लोखंडी दांडी बाद. आकडीनं नुसता ओढला तर मांजा फांदीत आणखी रुततो, कोवळी साल कापली जाते. आधी दोन-तीन ठिकाणी तोडायचा, मग आकडीला शेवयांसारखा गुंडाळत खाली घ्यायचा. दुपारपर्यंत एक पोतं भरलं. पोतं अगदी हलकं. वजनावर काम मोजायचं म्हटलं तर आपण काहीच केलं नाही असं वाटेल.

येणारे-जाणारे थांबून पाहतात. "काय करून राहिले जी?" हा पहिला प्रश्न, "कोणत्या पक्षाचे?" हा दुसरा. एक गृहस्थ स्कूटरवरूनच म्हणाले, "आधी माणसांचं पाहा की. पक्ष्यांचं काय घेऊन बसलात." गळ्याला मफलर होता त्यांच्या, घट्ट गुंडाळलेला. मी विचारलं, मफलर थंडीसाठी का? तर म्हणाले, "नाही हो, मांजासाठी." दर वर्षी या शहरात दुचाकीवाल्यांचे गळे चिरले जातात, जीव गेलेले आहेत. तोच धागा, तेच झाड, रस्त्यावर लोंबणारं तेच टोक. माणूस की पक्षी असा सवाल इथे पडतच नाही, हे त्यांच्याच गळ्याशी होतं. पटलं असावं, कारण त्यांनी गाडी लावून दहा मिनिटं दांडी धरली.

२६ जानेवारी, रविवार

मैदानात झेंडावंदन, मग काम. आज पुन्हा आकाशात पतंग, सुट्टी ना. आपण खाली काढतोय तोवर वरून नवा पडतोय. एक-दोघांचा धीर सुटला, स्वाभाविक आहे.

झेंडावंदनाला सरकाकांनी भाषण करावं असं ठरलं होतं. त्यांनी अनुच्छेद ५१क काढला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यं आली, त्यांत जंगलं, तळी, नद्या, वन्यजीव यांचं रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दया हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. शेजारचा वकिलीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा लगेच म्हणाला, "पण काका, ते न पाळल्याबद्दल थेट शिक्षा नाही." काका म्हणाले, "म्हाताऱ्या आईला विचारलं नाही तर तरी लगेच शिक्षा कुठे होते?" मुलगा म्हणाला की त्यासाठी आईवडिलांच्या देखभालीचा २००७ चा कायदा आहे. बुंदीचा लाडू खाताना हा वाद पुढे चालू राहिला. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघांनीही नंतर दांडी धरली नाही, हेही नोंदवतो.

दयेबद्दल मला एक अडचण आहे. दया समोर दिसलेल्या जिवाची येते. घुबड लोंबकळताना दिसलं तर गल्ली गोळा होते. त्याच करंजावर तो मांजा बहुधा आधीपासून होता, तेव्हा कुणाला कशाची दया येणार? त्यामुळे नुसत्या दयेच्या भरवशावर हे काम चालणार नाही. नळाची तोटी गळते म्हणून जसा प्लंबर येतो तसं ते रुक्षपणे, वेळेवर व्हायला हवं.

२ फेब्रुवारी, रविवार

टीटीसीतून कळलं, गायबगळा सोडला. घुबड गेलं.

तिसरी गल्ली पूर्ण.

९ फेब्रुवारी, रविवार

काढलेल्या मांजाचं करायचं काय, यावर आज सगळी सकाळ गेली. हा प्रश्न आधी सुचला नव्हता.

जाळावा तर विषारी धूर. भंगारवाला हात लावत नाही, काच चढवलेला नायलॉन त्याच्या काही कामाचा नाही. घंटागाडीत टाकावा तर तो जाणार भांडेवाडीला. भांडेवाडीच्या कचऱ्यावर घारी, बगळे, कावळे कायम घिरट्या घालत असतात. म्हणजे प्रतापनगरच्या झाडांवरून सोडवून, पिशवीत बांधून, पालिकेच्या गाडीनं आपण तो घारींच्या जेवणाच्या जागी पोचवायचा. आपल्या हद्दीतून गेला की संपलं, असं म्हणायला मन तयार होईना.

उपाय काकूंनी सांगितला आणि तो फार कंटाळवाणा आहे. मांजाचा धोका त्याच्या लांबीत. लांब दोर गुंततो, बोटभर तुकडा गुंतू शकत नाही. तेव्हा सगळा मांजा कात्रीनं बोटभर कापायचा, पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत ठासायचा, झाकण घट्ट लावायचं आणि मगच सुक्या कचऱ्यात द्यायचा. आकडीवर गुंडाळलेली लड तशीच उभी-आडवी कापत गेलं की झालं, एकेक धागा सोडवायची गरज नाही. हातमोजे हवेतच. कात्रीची धार दर थोड्या वेळानं जाते, काच तिलाही सोडत नाही. डोळ्यांना चष्मा. खाली जुनी चादर, नाहीतर बारीक तुकडे अंगणात पसरतात आणि मग वेचत बसा.

झाडावर चढायला दहा जण असतात, कापायला चौघं. तीन बायका आणि सरकाका. यावर जास्त लिहीत नाही.

कुणीतरी सुचवलं, पोट्ट्यांना मांजा आणून देण्याबद्दल पैसे द्या, किलोला अमुक. काकूंनी जागेवरच उडवलं: "उद्या दुकानातून नवी चक्री आणून उलगडून देतील. मी शिकवणी घेते, मला माहीत आहेत ही पोरं."

१६ फेब्रुवारी, रविवार

अडचण. टाकीमागच्या नीलगिरीवर घारीचं घरटं आहे आणि मादी बसलेली आहे. त्याच फांदीला मांजाचा मोठा गुंता, दोन लांब टोकं खाली लोंबताहेत.

घार घरट्यात काय वाट्टेल ते आणते: काटक्या, तार, चिंध्या, प्लास्टिक, सुतळी. यात मांजाही आलाच. अंगावर फूटभर दोर घेऊन पिल्लं मोठी होतात, पाय गुंतले तर उडायच्या वेळी घरट्यालाच टांगली जातात. आपण आत्ता वर गेलो तर मादी उठेल, सकाळच्या गारव्यात अंडी उघडी पडतील, शिवाय ती आपल्या डोक्यावर झेप घेईल ते वेगळं. घारीला कायद्याचं संरक्षण आहे, घरटं हलवणं हा गुन्हा. नाही गेलो तर गुंता तसाच.

तासभर चर्चा. तरुण मंडळींचं म्हणणं, पटकन काढून येऊ, पाच मिनिटांचं काम. मला आणि इलेक्ट्रिशियन दादाला ते पटलं नाही. मदत करायची आपली हौस एका बाजूला आणि त्या घारीचा फायदा दुसऱ्या बाजूला, या दोन्ही गोष्टी नेहमी जुळतातच असं नाही. टीटीसीला फोन करून विचारलं. त्यांनी सांगितलं, घरट्याजवळ जाऊ नका, लांबून लक्ष ठेवा, पिल्लू अडकलेलं दिसलं तर कळवा. खाली लोंबणारी दोन टोकं तेवढी जमिनीवरूनच लांब दांडीनं कापली. पोट्ट्याकडे दुर्बीण नाही पण डोळे चांगले आहेत आणि त्याची गच्ची समोरच. लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे दिलं. त्यानं काहीही न विचारता घेतलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पाचव्या गल्लीत भाड्यानं राहणारे काकाजी आज पहिल्यांदा आले. भिवापूरकडे त्यांची शेती आहे, मिरची, तूर, हरभरा. मुलांच्या शिक्षणासाठी इथे राहतात, आठवड्यातून दोनदा गावी जातात. सप्तपर्णीखाली बसून चहा पिताना विषय वाघाकडे गेला, नागपुरात जातोच.

भिवापूर म्हणजे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचा शेजार. तिथला जय वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला, सगळा देश शोधत होता. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेनं मेला. आमच्यातला एक जण म्हणाला, "या शेतकऱ्यांना काही वाटतच नाही." काकाजींनी कप खाली ठेवला.

"तुम्ही रात्री कधी जागल केली का? माचणावर? थंडीत?" मग शांतपणे सांगत गेले. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचा बांध साफ करतो. रोही, म्हणजे नीलगायी, येतात ते वेगळेच. नुकसानभरपाई मिळते, पंचनामा, कागद, फेऱ्या करून मिळते, पण पीक गेलं त्या रात्री झोप लागत नाही ती लागत नाहीच. "करंट लावणं चूकच आहे. मी नाही लावत. पण वाघ साऱ्या देशाचा अन् जागल माझी एकट्याची, हे कसं?"

कुणी बोललं नाही. मला एवढंच दिसलं की आम्ही ज्या झाडाखाली बसलो होतो त्यातही आपण सोडलेला दोर होता, आणि इथे तर पीक वाचवायचं कारणही नव्हतं, नुसती मजा.

वकिलीवाल्या मुलानं मग पेंचचं काढलं. राष्ट्रीय महामार्ग ४४ मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलातून खवासाकडे जातो. रस्ता चौपदरी करताना वाद न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्यानं रस्त्याखालून प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या गेल्या. सुमारे सोळा किलोमीटरच्या टप्प्यात पाच भुयारी मार्ग आणि चार छोटे पूल, रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी आले आणि वेगवेगळे ११ वाघ. वरून ट्रक जातात. ट्रकवाल्याला दया यावी अशी कुणी अपेक्षाच ठेवलेली नाही, त्याला खाली काय चाललंय ते कळतही नाही. खर्च टोलनं, कंत्राटानं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या खिशातून निघाला. काकाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तसं माझ्या धुऱ्यावर कोणी करून देते का?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर आमच्याकडे नव्हतं. काम अर्धवट राहिलं आज.

९ मार्च, रविवार

कडूनिंबांची पानगळ जोरात. पानं गळली तसा इतके दिवस न दिसलेला मांजा उघडा पडला, आणि नेमकी हीच घरटी बांधायची वेळ. गंमत आहे. मैदानाकडचे तीन निंब नीट तपासून, घरटं नाही याची खात्री करून, पूर्ण साफ केले. चौथ्यावर कावळ्याची जोडी काटक्या नेताना दिसली, तो सोडला.

"कावळ्यासाठी झाड सोडता?" असं शेजारच्या एका बाईंनी विचारलं. चेष्टेत होतं. पण कायद्यानंही कावळ्याकडे बराच काळ असंच पाहिलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळा आणि फळं खाणारी वटवाघळं उंदीर-घुशींच्या रांगेत, उपद्रवी म्हणून होती. ती अनुसूचीच २०२२ च्या दुरुस्तीत निघाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालं. पन्नास वर्षं लागली. त्या बाईंच्याच घरी पितृपक्षात कावळ्याची वाट पाहिली जाते, हे मी मनात म्हणालो.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

झाडांवरचं काम आजपासून बंद. कापणं चालू: सरकाकांच्या अंगणात अजून पोत्यात माल आहे. काकूंनी हिशेब वाचून दाखवला, सगळ्यांत जास्त खर्च हातमोज्यांवर आणि त्याखालोखाल चहावर. निंबाचा फुलोरा पोत्यावर पडत होता, तो झटकत कापत बसलो.

२० एप्रिल, रविवार

पोट्ट्याचा सकाळी सहाला फोन. नीलगिरीवर दोन पिल्लं, एक कडेवर येऊन पंख झाडतं, दुसरं जागेवरूनच फडफडतं आणि परत बसतं. "त्याचा पाय अडकला आहे काका, मी काल संध्याकाळपासून पाहून राहिलो."

टीटीसीला कळवलं. त्यांची माणसं आली, सोबत झाडावर चढणारा एक जण. वर जाऊन त्यानं मांजा कापला, पाय बघितला, सूज होती पण जखम खोल नव्हती. पिल्लाला घरट्यातच ठेवलं, घरट्यातला मोकळा दोर जेवढा सुटला तेवढा काढून आणला. घारीनं त्याच्या हेल्मेटवर दोन झेपा घेतल्या. खाली उतरल्यावर त्यानं मूठ उघडून दाखवली: गुलाबी, हिरवा, पांढरा, तिन्ही रंगांचे तुकडे, काटक्यांच्या भुशासकट.

पोट्टा बराच वेळ त्या गुंत्याकडे पाहत होता. मग त्यानं त्यातला गुलाबी वेगळा काढला आणि खिशात ठेवला. मी काही विचारलं नाही. नंतर कापायला बसला, पहिल्यांदाच, न सांगता.

ऊन चढायच्या आत आवरलं. मैदानात मातीची दोन भांडी पाण्यासाठी ठेवली, भरायची पाळी गल्लीनिहाय.

११ मे, रविवार

दोन्ही पिल्लं उडाली. दुसरं थोडं उशिरा. घरटं काढून टाकावं का, असा प्रश्न आला, पुढच्या वर्षी पुन्हा भानगड नको म्हणून. घारी जुन्याच घरट्यात डागडुजी करून पुन्हा बसतात. ठेवलं. भोवतीचा राहिलेला मांजा काढला.

८ जून, रविवार

पावसाआधीची शेवटची बैठक. राहिलेलं आणि ठरलेलं:

सहाव्या गल्लीतली चिंच राहिली. आपली शिडी आणि दांडी दोन्ही पोचत नाहीत, हायड्रॉलिक शिडीशिवाय होणार नाही. चौथा निंब पावसाळ्यानंतर.

दुकानदारांशी बोलायचं ते जानेवारीत बोलून उपयोग नाही, माल त्याच्या कितीतरी आधी भरलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जायचं. मैदानात पुढच्या संक्रांतीला फक्त सुती दोऱ्याचे पेच, चक्री काडेपेटीच्या परीक्षेतून गेल्याशिवाय प्रवेश नाही, ही पोट्ट्याची कल्पना. त्याच्या मते दहा-बारा जण नक्की येतील, बाकीचे हसतील. सुती मांजानं पेच खेळायला हात लागतो, नायलॉननं कुणीही कापतो, असं तो म्हणतो. सरकाका हे ऐकून खुलले, त्यांच्या काळी नागपूरच्या महाल भागात काय पेच लागायचे ते सांगत बसले, बैठक लांबली.

पाण्याची भांडी पाऊस पडेपर्यंत चालू.

काकाजींचा निरोप: हरभरा वर आला की जागलीला माणसं लागतील, तुमच्यातले कोणी येता का, निदान शनिवार-रविवार. तीन नावं आली, त्यांत माझं एक आणि, तब्येत सांभाळून, सरकाकांचं. तारखा काकाजी कळवतील. टॉर्च आणि घोंगड्या आपापल्या, फटाके न्यायचे नाहीत, थाळ्या वाजवायच्या.